ब्रशाचं टोक

काच लाल झाली तेव्हा कुमुद पांगे चक्क हसली.

"अहो सावंत, मशीन बिघडलंय तुमचं," ती गेटवरच्या रखवालदाराला म्हणाली. "पुसा जरा ते. सकाळी कुणाचा तरी भज्यांचा हात लागला असेल."

सावंतने काच पुसली. नियमाप्रमाणे स्पिरिटचं फडकं कुमुदच्या बोटांवरून पुन्हा फिरवलं. बोटं कोरडी झाली, मग जरा वेळाने घामाने ओलसर झाली, तेव्हा तिने ती काचेवर टेकवली. काच पुन्हा लाल. मागे स्पॉटबॉय, लाइटवाले, केशभूषावाल्या बायका यांची रांग ताटकळत होती. कुणीतरी मागून ओरडलं, "काय कुमुदताई, सकाळी सकाळीच?" आणि सगळे हसले. कुमुदही हसली. तिसऱ्यांदा काच लाल झाली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सावंतने मान खाली घातली आणि म्हणाला, "ताई, बाजूला उभ्या राहा. माझा नाइलाज आहे."

मढजवळच्या त्या स्टुडिओत कुमुदला ओळखत नाही असा माणूस नव्हता. रंगभूषाकार म्हणून तिची हयात तिथे गेली होती. चहाखेरीज कसलं व्यसन नाही, सुपारीचं खांडही तोंडात टाकणार नाही, अशी ही बाई. आणि काच म्हणत होती की हिच्या रक्तात कोकेन आहे!

आता ही काच काय भानगड आहे, ते सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी सारंग धुमाळ नावाच्या मिरजेच्या पोराने एका सिनेमात कोकेन विकणाऱ्या गुंडाचं काम केलं. सफेद अण्णा हे त्या पात्राचं नाव. पांढरा सूट, पांढरे बूट, आरशावर पांढऱ्या पुडीची रेघ ओढायची, नाकाने ती ओढून घ्यायची, अंगठ्याने नाकपुडी पुसायची आणि म्हणायचं, "हवा थंड आहे ना?" बस्स! महाराष्ट्र वेडा झाला. लग्नाच्या वरातीत नवरदेव अंगठ्याने नाक पुसू लागले. शाळेतली पोरं डब्याच्या झाकणावर पिठीसाखरेच्या रेघा ओढून रील करू लागली. आया कौतुकाने ते रील मामाला पाठवत होत्या. एका मंडळाने तर देखाव्यातल्या उंदरालाही पांढरा सूट शिवला.

सिनेमातली ती पूड अर्थातच ग्लुकोजची होती. कुमुदनेच ती वस्त्रगाळ करून दिली होती, सारंगच्या नाकाला त्रास नको म्हणून.

मग एका कॉलेजच्या गॅदरिंगनंतर काही मुलं मेली. ती पिठीसाखर नव्हती. पोरांच्या अंगात पांढरे सूट होते. लोक खवळले. सारंगने पत्रकारांसमोर हात जोडले, ढसाढसा रडला आणि त्या दिवसापासून तो नशाविरोधी मोहिमेचा चेहरा झाला. मोहिमेचं पहिलं काम म्हणजे ही काच. आधी स्टुडिओच्या गेटवर, मग विमान कंपन्यांत, मग शाळांच्या बसवर. विमा कंपन्यांनी अट घातली की काच नसेल तर चित्रीकरणाचा विमा नाही. सगळ्या काचा एकमेकींना जोडलेल्या. एका गेटवर लाल झालात, की राज्यातला एकही सेट तुम्हाला आत घेणार नाही. चौकशीत लाल कायम झालं, की कामाचं कार्ड रद्द.

कुमुदचं कार्ड म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. ती या धंद्यात आली तेव्हा बाईने केस विंचरावेत, चेहऱ्याला हात पुरुषाने लावावा, अशी रीत होती. मेकअपचं कार्ड बाईला देतच नसत. ते कार्ड मिळवायला तिने किती उंबरे झिजवले होते, किती टोमणे गिळले होते, ते तिलाच ठाऊक. नवरा त्याच भांडणात घर सोडून गेला. कार्ड आलं, तो गेला, आणि तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही.

*

काचेची प्रयोगशाळा स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. तिथले प्रमुख डॉक्टर मुजावर. सडसडीत, हळू बोलणारे. त्यांनी कुमुदला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"डॉक्टर, मी देवाची शपथ घेते..."

"शपथ नको, कुमुदताई. मी काय सांगतो ते आधी ऐका. कोकेन नुसतं बोटाला लागलं, समजा एखाद्या नोटेवरून, तर ते स्पिरिटने निघून जातं. काच ते बघतच नाही. पण कोकेन शरीरात गेलं की आपलं रक्त आणि यकृत ते तोडायला लागतात. तोडल्यावर एक वेगळा पदार्थ उरतो. बेंझोइलएक्गोनिन. नाव लक्षात ठेवू नका, पण तो शरीरातच तयार होतो हे लक्षात ठेवा. तो मग घामातून थोडा थोडा बाहेर येतो, बोटांच्या रेषांत. पुसून झाल्यावर जो नवा घाम फुटतो, त्यात काच तो शोधते. अगदी कणभर असला तरी तिला सापडतो."

"म्हणजे माझ्या आत आहे ते?"

"आहे. थोडं आहे, पण रोज जात असावं असं दिसतंय. औषधं कुठली घेता?"

"औषध कसलं? बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या तेवढ्या. हल्ली माझी जीभ आणि खालचा ओठ बधिर होतो. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होतो ना, तसा. आमच्या सारंगनेच आणून दिल्या गोळ्या. काळजी फार त्याला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बधिर केव्हा होतो? घरी होतो?"

कुमुद विचारात पडली. "घरी नाही होत. कामावरच होतो. दुपारपर्यंत."

"तुम्ही काम कसं करता ते मला दाखवाल?"

कुमुदने पिशवीतून ब्रशांची गुंडाळी काढली. त्यातला सगळ्यात बारीक ब्रश निवडला. "ही भुवई समजा. सारंगची डावी भुवई विरळ आहे, त्यामुळे तिच्यात एकेक केस रंगवावा लागतो. रंग लावायचा, मग हेच टोक पावडरीत टेकवून केस पक्का करायचा. तो झाला की पुन्हा टोक नीट करायचं, असं..." आणि तिने ब्रश ओठांत धरून फिरवला.

"थांबा!" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की तिच्या हातून ब्रश पडला.

ही सवय तिच्या गुरूंची, आबा लोटलीकरांची. ते संगीत नाटकांच्या जमान्यातले रंगभूषाकार. पाण्यात बुडवलं की टोक फुगतं, ओठात फिरवलं की सुईसारखं बसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांनाच ही सवय. नवी पोरं नाकं मुरडत, पण कुमुदसारखा केस त्यांच्यातल्या एकालाही रंगवता येत नसे.

डॉक्टरांनी चिमट्याने ब्रश उचलला आणि यंत्रात घातला. थोड्या वेळाने ते परत आले. "कोकेन आधी औषध म्हणूनच माहीत होतं, ताई. डोळ्याची शस्त्रक्रिया करताना डोळा बधिर करायला वापरत. तुमचा ओठ बधिर करतंय ते जीवनसत्त्वाची कमतरता नाही. या ब्रशावर कोकेन आहे. तुम्ही ते रोज चाटताय. हा ब्रश कुठल्या पावडरीत जातो?"

तो ब्रश एकाच डबीत जात होता. ती डबी एकाच व्हॅनमध्ये असायची.

"डबी आत्ताच्या आत्ता ताब्यात घेऊ," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सुटाल. डबी कुणाची, तेवढं सांगा."

"डॉक्टर, मला आजचा दिवस द्या."

"ताई, आज डबी आहे. उद्या असेलच असं नाही."

"तुम्हाला नाही कळायचं. आधी मला त्याला विचारू दे. लेकरू आहे ते माझं." डॉक्टरांनी ब्रश पाकिटात घालून सील केला आणि दोन्ही हात वर केले.

*

लेकरू म्हणजे काय, तर सारंग एकांकिका स्पर्धेसाठी पहिल्यांदा मुंबईत आला तेव्हा त्याच्याकडे अंगावरचा एकच शर्ट होता. त्याला रंगवताना कुमुदने विचारलं होतं, "जेवलास का रे?" आणि तो गप्प बसला होता. त्या रात्रीपासून तो तिच्या खोलीत स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपू लागला, तो पार पहिला सिनेमा मिळेपर्यंत. तिला आक्का म्हणायचा. मोठा झाल्यावर त्याने करारातच घातलं, की चेहऱ्याला हात फक्त आक्काचा लागेल.

वर्सोव्याच्या घरी त्यानेच दार उघडलं आणि तिला मिठीत घेतलं. "ऐकलं मी, आक्का. भंगार मशीन आहे ते. तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस. चहा टाकू?"

"चहा नको. सारंग, पावडरीच्या डबीत काय असतं रे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मग सोफ्यावर मटकन बसला. त्याने नाही म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. खरं तर ती त्यासाठीच आली होती.

"त्या सिनेमात पहिले दोन दिवस तुझं ग्लुकोज होतं," तो म्हणाला. "मग सगळे म्हणायला लागले, डोळ्यांत काही येत नाही. कुणीतरी खरं आणलं. एकदाच, म्हणाले. शॉट असा झाला, आक्का, की युनिटने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मला त्याच्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभंच राहता येईना."

"आणि रडलास ते? पोरं मेली तेव्हा?"

"ते खरं रडलो होतो."

"आणि ठेवायला माझी पेटी सापडली तुला?"

"व्हॅनची झडती झाली तरी मेकअपची पेटी कोण हुंगणार? पावडरीत पावडर. मी वरचा थर घ्यायचो, तू..." तो थांबला.

कुमुद त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "मी तुला म्हटलं होतं, माझा ओठ बधिर होतो. आठवतं? गणपतीच्या आधी. तू लगेच गोळ्या घेऊन आलास. मी सगळ्या सेटला सांगत सुटले, बघा, पोटचा मुलगा करणार नाही एवढं करतो. तेव्हा तुला कळलं होतं का, सारंग?"

तो पुन्हा खिडकीकडे बघू लागला.

"मी विचारतेय तुला."

"हो."

"कळलं होतं?"

"माझाही व्हायचा, आक्का. सुरुवातीला."

ती खालीच बसली. तिला राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली. आपणच फार मोठा मूर्खपणा केला आणि तो चारचौघांत उघडा पडला, तशी लाज. मग राग आला. "मला विष चाटू दिलंस आणि वर गोळ्या दिल्यास! डबी बदलायची होतीस रे! निदान डबी तरी!"

सारंग रडायला लागला. त्याचं रडणं तिला पाठ होतं. आधी नाकाचा शेंडा लाल व्हायचा, मग हनुवटी थरथरायची आणि शेवटी पाणी. आत्ता तसंच झालं. "मी उद्या सांगतो, आक्का. उद्या सकाळी काचेसमोर लाइव्ह आहे माझं, मोहिमेच्या वाढदिवसाचं. तिथेच सांगतो सगळ्यांसमोर. मला फक्त आजचा दिवस दे. आईशप्पथ."

आज सकाळी तिनेही डॉक्टरांकडे हेच मागितलं होतं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. फ्रीजमधली भाकरी गरम करून त्याच्यासमोर ठेवली आणि तो खाईपर्यंत बसून राहिली. खाली उतरल्यावर तिने डॉक्टरांना फोन केला. "उद्या तो स्वतः सांगणार आहे. डबीचं राहू द्या."

डॉक्टर म्हणाले, "तुमची मर्जी."

*

सकाळी उठून तिने फोन उघडला, तर त्यात सारंग होता. शेजारणीने पाठवलेला, भाचीने पाठवलेला, नवऱ्याच्या भावाने पाठवलेला. सगळ्यांनी एकच व्हिडिओ पाठवला होता.

"आज मी फार तुटलोय," सारंग म्हणत होता. "जिला मी सख्खी बहीण मानलं, जिच्या हाताने रोज माझा चेहरा घडतो, ती आक्काच या विळख्यात सापडली. माझ्या शेजारी उभी राहून ती हे करत होती आणि मला कळलं नाही. आक्का, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू उपचार घे. खर्चाचं मी बघतो." आणि त्याने हात जोडले. गालावरून एक थेंब ओघळला.

व्हिडिओखाली लोकांनी हंबरडा फोडला होता. किती मोठं मन! देवमाणूस! आणि त्या बाईला चौकात उभी करा.

कुमुदने व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. नाकाचा शेंडा लाल नव्हता. हनुवटी जागच्या जागी होती. आणि तो थेंब सावकाश, जाड, सरळ रेघेत उतरत होता. असा थेंब माणसाच्या डोळ्यातून येत नाही, बाटलीतून येतो. ते ग्लिसरीन होतं. बाटली तिनेच भरून दिलेली होती.

इतका वेळ ती रडली नव्हती. आता रडली. त्याने खोटं बोलावं, स्वतःला वाचवावं, हे ती एकवेळ समजू शकली असती. पण तिच्यासाठी त्याला खरं रडूसुद्धा आलं नाही!

प्रयोगशाळेत डॉक्टर मुजावर तिची वाटच बघत होते. "आज पहाटे पोलिसांनी व्हॅन तपासली. डबी आहे, कोरी करकरीत, सील फोडलेलं नाही. उरला तो ब्रश. आणि ब्रश तुमचा आहे, ताई. त्यावर थुंकीही तुमचीच. आता तो पुरावा तुमच्याच विरुद्ध जाणार."

"पण तो रोज काचेवर हात ठेवतो ना? त्याच्या रक्तात आहे, मग काच हिरवी कशी होते?"

"तेच तर मला कळत नाही. माणूस तोच आहे. बोटांच्या रेषा जुळतात. घामही असतो. कालपर्यंत मला संशय घ्यायचं कारणच नव्हतं."

कुमुदने फोन पुढे केला. जोडलेल्या हातांवर चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. तिने स्वतः केलेलं काम होतं, ते तिला ओळखू येणारच. पहिल्या पेराशी कातडीचा रंग किंचित बदलत होता.

"मीच केलीत ती," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "भाजलेल्या माणसाचं काम आहे म्हणाला. बोटांचे साचे घेतले मी, प्लास्टरचे. त्यावरून सिलिकॉनची पातळ कातडी केली. पुढे म्हणाला, मारामारीत बोटं सोलतात, अजून कर. मागेल तेव्हा करत गेले. तो सिनेमा कधी आलाच नाही, आणि मी विचारलंही नाही."

डॉक्टर ताडकन उठले. "आणि घाम?"

"पडद्यावर नटाला खरा घाम कधी असतो का, डॉक्टर? मिठाचं पाणी आणि ग्लिसरीन. तेही मीच करून देते."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. सारंग काचेपाशी सावंतचं फडकं कधीच घेत नसे. मोहिमेचं चिन्ह छापलेला स्वतःचा रुमाल खिशातून काढायचा, ओला. कॅमेऱ्यात तो रुमाल फार छान दिसायचा. लोक तसे रुमाल विकत घेत होते. "काच ओलावा बघते, मीठ बघते, रेषा बघते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "खाली जिवंत कातडी आहे का, हे बघायचं आम्हाला सुचलंच नाही. मंजुरीची घाई होती सगळ्यांना."

साचे कुमुदच्या कपाटात होते. सारंगची दहा बोटं, जुन्या ओढणीत गुंडाळलेली.

*

लाइव्हला तुडुंब गर्दी होती. पांढऱ्या टोप्या, फलक, वाहिन्यांचे कॅमेरे. कुमुद दिसताच कुणीतरी ओरडलं, "ती बघा, गर्दुल्ली!" एक पाण्याची बाटली तिच्या पायाशी येऊन पडली. सावंत तिच्या आणि गर्दीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

सारंग गाडीतून उतरला. टाळ्या झाल्या. त्याने रुमाल काढला, तेवढ्यात डॉक्टर मुजावर पुढे झाले.

"आज एक छोटा बदल आहे. स्पिरिटऐवजी मेकअप काढायचं औषध वापरणार आहोत. सगळ्यांसाठी. सुरुवात तुमच्यापासून."

सारंगचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे फिरले. डॉक्टरांच्या मागे कुमुद उभी होती, हातात कापूस आणि बाटली घेऊन. तो नाही म्हणू शकत होता. पण सगळे कॅमेरे लागलेले, सगळा महाराष्ट्र बघत होता. नाही म्हणणं आणि कबूल करणं यात फरक उरला नव्हता. काय करावं ते त्याला सुचेना, आणि मग रोज ज्या सवयीने चेहरा तिच्या स्वाधीन करायचा, त्याच सवयीने त्याने दोन्ही हात तिच्यापुढे केले.

कुमुदने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"आक्का," तो ओठ न हलवता पुटपुटला, "नको. माझ्या जिवावर केवढी माणसं जगतात. तू तर म्हातारी झालीस, लोक दोन महिन्यांत विसरतील तुला."

तिने औषधाचा कापूस पहिल्या पेराभोवती फिरवला. घाईने ओढलं तर खालची कातडी सोलते, म्हणून कड सुटेपर्यंत थांबली. मग सिलिकॉन हळूहळू उलटं केलं. अंगठा झाला. तर्जनी झाली. मधल्या बोटाला कड चिकटून राहिली, तो जरासा कळवळला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दुखतंय का रे?"

तेव्हा त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

दहा पातळ कातड्या तिने डॉक्टरांच्या ताटलीत ठेवल्या. गर्दीला अजून काही कळलं नव्हतं. वाहिनीवाल्या पोरीने ताटलीवर कॅमेरा नेला, तसं कुठेतरी कुणीतरी "आयला!" म्हणालं आणि वर धरलेले फलक एकेक करून खाली आले. सारंगच्या खऱ्या बोटांवर घाम फुटायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी त्याचे हात काचेवर टेकवले.

काच लाल झाली.

गर्दीतून एक बाई पुढे आली. तिच्या हातात एका मुलाचा फोटो होता, पांढऱ्या सुटातला. ती ओरडली नाही, तिने शिवीही दिली नाही. सारंगच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने फक्त विचारलं, "हवा थंड आहे ना?"

कुमुदने कापूस आणि बाटली पिशवीत टाकली आणि ती गेटबाहेर चालू लागली. मागून "आक्का! आक्का!" अशी हाक आली. रोज त्या हाकेला ती वळायची. आज तिचे पाय थांबले, पण मान वळली नाही.

*

कार्ड राहिलं. साच्यांचा आणि डबीचा तपास लागला, डबी बदलणाऱ्याने तोंड उघडलं, कुमुदचं नाव कागदोपत्री स्वच्छ झालं. ज्यांनी तिला चौकात उभी करायला सांगितलं होतं, त्यांनीच आता तिच्या नावाने रील काढले. सिलिकॉनचं बोट सोलायची नक्कल पोरं करू लागली. पार्श्वसंगीत सफेद अण्णाचंच होतं.

सारंग उपचार केंद्रात होता. फोनवर त्याच्या आवाजातले निरोप येत. ती ऐकत नसे, आणि पुसतही नसे.

काही महिन्यांनी नवी मालिका सुरू झाली. काचेखाली आता नाडी बघणारा डोळा बसवला होता. कुमुदने बोटं टेकवली, काच हिरवी झाली आणि ती आत गेली. आरशासमोर इचलकरंजीची एक नवी मुलगी बसली होती, ईशा नावाची. बिचारी घाबरून थंडगार पडली होती.

"जेवलीस का गं?" कुमुदने विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं नाही.

तिने भुवई न्याहाळली. बारीक ब्रश रंगात बुडवला, एक केस ओढला, टोक पावडरीत टेकवलं. पावडर नवी, सील तिनेच फोडलेलं. आणि हात आपोआप वर गेला, ओठांपर्यंत. तिथेच थांबला.

"काय झालं, ताई?" मुलीने आरशातून विचारलं.

"काही नाही. ती पाण्याची वाटी दे जरा इकडे."

तिने ब्रश पाण्यात बुडवला. टोक फुगलं, आबा म्हणायचे तसंच. पुढचा केस जाड आला. कुमुदने तो पुसला आणि पुन्हा काढायला घेतला.